चाकाखालची लिंबं

चि. कल्याण,

आजीचं नाव आठवतंय ना, का तेही शेजारच्या धनश्रीला लिहायला सांगू? तुझ्या आजोबांना त्यांच्या मालकांनी दिलेली ती लाल, दोन शिटांची रेसची गाडी मी सहा वर्षं तुझ्यासाठी पुसत बसले. दर दसऱ्याला पूजा करून चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढं घ्यायला तू आला न्हाईस, लिंबं तिथंच वाळली. आता लई दमले रे. यंदा दसऱ्याला पुण्याचं गिऱ्हाईक आलं, त्यानं गाडी विकत घेऊन बाहेर काढली आन् यंदाची ताजी लिंबं फुटली. डोळ्यांत रस उडाला म्हणून पाणी आलं, असं मी धनश्रीला सांगितलंय.

हे पत्र तिला पेटीत टाकू देणार न्हाई. गाडी गेल्याचं कळलं तर तू येशील कशाला? फोनवर एवढंच सांगेन: खारी पाठव, चहात बुडवून खाईन. लिंबाचं लोणचं मात्र नको.

तुझी आजी,
झुंबरबाई (अंगठा)