एका वेळी एकच बॅटरी

आबा, गेल्या वर्षी मुंबईच्या एका डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांचे पाय सुजायचे का? तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुमच्या पायांची चौकशी कोणी केली नव्हती. मी आपला सवयीने म्हणालो, वडील दम्याने गेले. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. सुजायचे का? आडवं झोपता यायचं का? मग मला सगळं दिसायला लागलं. ओसरीवर तुम्ही कपाशीच्या पोत्याला टेकून बसला आहात. बसल्या बसल्याच डोळा लागतो. वहाण पायात शिरत नाही म्हणून अनवाणी शेतात येता आणि बांधावर थांबून म्हणता, "माले दम लागी ऱ्हायना रे, तू चाल पुढे." आई म्हणायची, चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेऊ. मी म्हणायचो, एवढी मिरची तोडून होऊ दे. मिरची तोडून झाली, वाळत घातली, आणि तुम्ही गेलात. सगळं रनाळे गाव दमा म्हणालं, म्हणून आपल्या घरानेही दमाच म्हटलं.

डॉक्टरांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तुमचा चौकोन त्यांनी पेनाने काळा केला, माझा मोकळा ठेवला आणि माझ्या खालचा गोल काळा केला. तो गोल म्हणजे माझी मुलगी. तुम्ही तिला पाहिलंय, पण तेव्हा ती रांगत होती. आता ती हायस्कुलात गणित शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता ती खाली बसली आणि मुलांनी पाणी आणलं, तिथून हे सगळं सुरू झालं. तिचं हृदय मोठं आणि ढिलं झालंय, रक्त पुढे ढकलायला त्याच्यात जोर नाही. डॉक्टर म्हणाले, काही घरांत हा आजार रक्ताने उतरतो आणि मधला माणूस कधीकधी ठणठणीत राहतो. अशा घरांचा त्यांचा अभ्यास चाललाय, त्यासाठी त्यांना माझं रक्त हवं होतं आणि कागदावर सही. मी सातवीपर्यंत शिकलेला आणि कागद चार पानांचा. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा चष्मा पुसायला घेतला तेव्हा मुलगी म्हणाली, "नाना, त्या काय वावर लिखी मांगतस का? सही करा." केली. पण ते मनातून जात नाही. तुमच्यापासून तिच्यापर्यंत जायला त्या आजाराला माझ्याशिवाय दुसरी वाट नव्हती. डॉक्टर म्हणतात यात कोणाचा दोष नसतो. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील.

आधी बोलणं निघालं ते दुसऱ्याचं हृदय बसवायचं. कोणाचा मेंदू मेला आणि घरच्यांनी हो म्हटलं, तर त्याचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवतात, आबा, आणि ते चालतं. पण तिच्या फुप्फुसांतला दाब फार वाढला होता. नवीन हृदयाला तो दाब पेलवला नसता. म्हणून आधी पंप. छातीच्या आत, हृदयालाच जोडलेला. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डबीला, आणि डबीला दोन बॅटऱ्या. दाब उतरला तर तिचं नाव यादीत घालायचं, मग रक्तगट आणि माप जुळेल त्या हृदयाची वाट बघायची. कोणी पंपावर वाट बघतं, कोणी त्या पंपावरच वर्षं काढतं. कोणाला काय मानवतं याचाही तिथे अभ्यास चालतो आणि तिचे आकडे त्यात जातात. खर्चाचं तुम्हाला सांगत बसत नाही, अनेकांच्या हातांनी ते झालं.

ऑपरेशननंतर दवाखान्याने एक अट घातली. घरी जायचं तर घरची दोन माणसं शिकून तयार पाहिजेत, नाहीतर दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायचं. तिला खोलीत राहायचं नव्हतं. म्हणाली, चार भिंती बघायच्या तर आपल्या बघेन. जावई एस.टी.त वाहक, तो एका दिवसात शिकला. पण तो दिवसभर गाडीवर, म्हणून दिवसाचा माणूस मी. सिस्टर आम्हाला नकली यंत्रावर शिकवायच्या. बॅटरी बदलायची तर एक काढायची, तिच्या जागी भरलेली लावायची, हिरवा दिवा बघायचा आणि मगच दुसरीला हात लावायचा. दोन्ही एकदम काढल्या तर पंप थांबायला लागतो. डबीच्या आत थोडा वेळ पुरेल अशी सोय असते म्हणे, पण तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

एवढं साधं काम. आणि माझा उजवा हात एका बॅटरीवर गेला की डावा आपोआप दुसरीवर जायचा. तुम्हाला माहीत आहे तो कुठे शिकलाय. पहिल्यांदा मिरची तोडायला नेलंत तेव्हा मी एका हाताने तोडत होतो आणि दुसऱ्याने झाड धरलं होतं. तुम्ही सगळ्या बायांसमोर ओरडलात, "दुसरा हात देवले वाही दिना का रे?" बाया हसल्या. तेव्हापासून साठ वर्षं माझे दोन्ही हात बरोबर चालतात. नकली यंत्र किंचाळलं की सिस्टर म्हणायच्या, "आजोबा, मिरच्या तोडताय का?" त्यांना मुलीनेच सांगितलं असणार. दोनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी डावा हात पाठीमागे धरला आणि पास झालो. सिस्टरांनी कागदावर माझं नाव लिहिलं. घरातल्या पोरांनी परीक्षा दिल्या तेव्हाही मला इतका घाम फुटला नव्हता.

मग मुलगी, जावई आणि मी रनाळ्याला आपल्या घरी आलो. इन्व्हर्टर बसवला, वीज कंपनीच्या माणसाला दोनदा भेटून आलो, त्याने तिसऱ्यांदा मला लांबून बघितलं आणि मोटरसायकल वळवली. तिला बरं वाटायला लागलं. ती जिना चढते, भाकरी करते, नववीच्या पोरींना ओसरीवर गणित शिकवते. मी शेजारी बसून डबीचा दिवा बघतो. तिला नाडी लागत नाही, आबा. पंप रक्त सारखं ढकलत राहतो, त्यात ठोका असा नसतो. हे मला चारदा सांगितलंय, तरी ती झोपली की मी मनगट चाचपतो. एकदा डोळे न उघडता ती म्हणाली, "नाना, जित्ती शे मी. जा, चहा ठेवा."

पोळा होऊन गेला त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी डबी वाजायला लागली. बॅटरी उतरली की ती वाजते, त्यात काही विशेष नाही. मुलीने विचारलं, "तुम्ही बदलतस का मी बदलू?" मी म्हणालो, मी बदलतो. भरलेल्या दोन बॅटऱ्या मांडीवर घेतल्या. उजव्या हाताने पहिली काढली. आवाज बदलला, तो बदलतोच, आणि बघतो तर डावा हात दुसरी सोडवायची खीळ दाबतोय. तिने माझं मनगट धरलं. जोरात धरलं, नखं लागली. "नाना, हात काढा." मला हात काढता येईना. म्हणजे हात ऐकेचना. तिने एका हाताने माझी बोटं एकेक सोडवली आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कमरेला नवी बॅटरी लावली. हिरवा दिवा बघितला. मग दुसरी बदलली. सगळं मिनिटभरात झालं. तिच्या कपाळावर घाम होता, पण ती हसत होती. म्हणाली, "कोनले काई सांगू नका. नाव कापी टाकतीन तुमनं, आन् माले त्या खोलीमा जानं पडी."

जावई संध्याकाळी आला तेव्हा ती त्याला म्हणाली, आज बॅटरी नानांनी बदलली. तो म्हणाला, "वा नाना." पुढचे पंधरा दिवस मी तो डावा हात खिशात घालून हिंडलो. जेवताना पाण्याचा तांब्यासुद्धा उजव्याने उचलायचो. पण तिच्याजवळ बसलो की वाटायचं, पुढच्या वेळी तिची नखं वेळेवर लागली नाहीत तर? ती झोपलेली असली तर? आणि सांगितलं तर ती घर सोडून त्या खोलीत, शाळा नाही, पोरी नाहीत, आणि तेही माझ्यामुळे. एकदा माझ्यातून तिच्यापर्यंत आजार गेला, आता हे. तुम्ही म्हणायचात, तुन्हा जीव इतलासा शे. खरं आहे.

तपासणीला मुंबईला गेलो. डॉक्टर खूश होते. दाब उतरलाय, नाव यादीत घालू म्हणाले. मुलीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, लहानपणी जत्रेत करायची तसे. मग सिस्टरांनी नेहमीसारखं विचारलं, घरी काही अडचण? मुलगी म्हणाली, नाही. त्यांनी पेन उचललं. आणि मी म्हणालो, आहे. सगळं सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, नंतर खिडकीकडे. मला वाटलं सिस्टर ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण आहे?

मग मी धाकट्या भावाच्या सुनेचं नाव सांगितलं. ती गावात आशा सेविकेचं काम करते, शेजारीच राहते, इंजेक्शनला घाबरणाऱ्या पोरांना धरून ठेवते. तिला मुंबईला बोलावलं. ती सकाळी शिकली आणि दुपारी पास झाली. मुलगी घरीच राहणार, असं ठरलं. यादीत नाव लागलं, वाट बघणं चालू आहे. बॅटरी आता भावाची सून बदलते. एका हाताने, दुसऱ्या हातात फोन. मी जवळ गेलो की म्हणते, "नाना, तुम्ही चहा ल्या, मी देखस." मुलगी परतीच्या गाडीत अर्ध्या वाटेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "बरं करं तुम्ही," आणि अर्धं केळं दिलं.

सिस्टरांनी कागदावर माझ्या नावावर रेघ मारली तेव्हा मी मान खाली घातली होती. त्यांनी पाठीवर हात ठेवला, मुलीनेही ठेवला, त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मला वाईट वाटलं नव्हतं, आबा. सुटल्यासारखं वाटलं होतं. रनाळ्याला आलो आणि भर दुपारी बाजेवर पडलो तो दिवे लागेपर्यंत उठलो नाही. वर्षभरात तसा झोपलो नव्हतो. घरात सगळे हळू बोलत होते. प्रवासाने दमले, म्हणत होते. मी जागा झालो होतो, तरी त्यांना तसंच म्हणू दिलं.