पोटाचे थर आणि आईची बेल्देमची

माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी असून माझ्याआधी दात घालवून बसलेल्या बुरुलचास, थोरली बहीण उल्कान हिचे आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझी तांबडी घोडी आणि तुझा नवरा (याच क्रमाने विचारते आहे) बरे असतील असं धरून चालते. पत्र माझी नातसून नुरजामाल लिहिते आहे. अक्षर तिचं, शहाणपण माझं.

तर झालं असं, बाळंतपणानंतर नुरजामालचं पोट मधोमध फाकलं, म्हणून तिला नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भिंतीवर सोललेल्या माणसाचं चित्र होतं. (काम सफाईचं, जन्मभर मेंढ्या सोलणाऱ्या आपल्या बाबांनीही नावं ठेवली नसती.) बाईंनी समजावलं: छातीपासून खाली स्नायूंचे दोन उभे पट्टे, मधे पांढरी शिवण, बाजूंना दोन तिरके थर, एकमेकांच्या उलट, आणि सगळ्यांत आत आडवा थर. तो आवळला की आतडी जागेवर आणि कणा ताठ. खोकणं, हसणं, कळा देणं सगळं यांच्याच जिवावर. मी म्हटलं, हा तर आमचा तंबू! भिंतीची जाळी तशीच तिरकी, भोवती आवळायचा पट्टा तसाच. तो सैल पडला की वाऱ्यात सगळं कलंडतं. मग नुरजामालला धीर यावा म्हणून मीच आडवी झाले आणि मान उचलून दाखवली, तर माझ्या पोटावर पावाएवढा उंचवटा उभा राहिला. बाईंचं हसू मावळलं. म्हणाल्या, "आजी, तुमची शिवण हिच्याहून जास्त उसवलीय. पोट घट्ट बांधल्याशिवाय घोड्यावर बसायचं नाही." आता बारा दिवसांनी सगळे खिंडीपलीकडच्या कुरणावर निघणार, आणि नातवाने मला ट्रकमध्ये भांड्यांशेजारी बसवायचं ठरवलंय.

बुरुलचा, माझा थोरला झाला तेव्हा आईने माझ्या कमरेला तिची बेल्देमची, ती रुंद कमरपट्ट्याची जाड घागरी, बांधली होती, आठवतं? पाठीत गुडघा रोवून असा पट्टा ओढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तान्ह्याला घेऊन मी घोड्यावरून खिंड ओलांडली, पोटातलं काही हललं नाही. आईला थर ठाऊक नव्हते, हाताला ठाऊक होते. तुला मूल झालं तेव्हा तिने ती तुला दिली. मी अकरा वर्षं फुगून बसले होते, तुला कळलंसुद्धा नाही.

ता. क. ती बेल्देमची पाठव. नुरजामालला हवी आहे, बिचारी लाजते.

ता. क. (हे आजींनी सांगितलेलं नाही. धाकट्या आजी, मला नकोय. व्यायामाने माझ्या पोटातली फट भरून येतेय. – नुरजामाल)

ता. क. ही पोरगी इतका वेळ काय लिहीत होती कोण जाणे. बरं, ऐक. मलाच हवी आहे. एकदा तरी खिंड घोड्यावरूनच ओलांडायची आहे. पण ती एकटीला बांधता येत नाही, आणि माझ्या पाठीत गुडघा रोवायची हौस तुझ्याइतकी कुणालाच नाही. तेव्हा नुसती पाठवू नकोस. गुडघा घेऊन ये.