बिनखाडा हंगाम

धुळे, ता. ९ जानेवारी १९५५

ती. अक्कास, निंबाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पिंप्राळ्याहून तू दर आठवड्याला मेहरूणला जाऊन माय-आबांना बघून येतेस, हे वाचून बरं वाटलं. मी खुशाल. आबांना सांग की निंबा अजून त्याच कापसाच्या जिनात आहे, पळालेला नाही. त्यांना खरं वाटायचं नाही. चाळीसगावचं हॉटेल मी दोन महिन्यांत सोडलं, भुसावळची लाकडाची वखार तीन महिन्यांत, आणि दोंडाईच्याच्या मिरचीच्या गोदामातून तर शिंका येतात म्हणून आठव्या दिवशीच गाठोडं उचललं. आबा एकाच केळीच्या मळ्यात बावीस वर्षं सालदार. या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत, मध्ये हलायचं नाही. निघताना मला म्हणाले होते की तुझ्या पायाला भोवरा आहे, एका जागी एक हंगाम काढून दाखव, मग लोकांना सांगेन की हा माझा मुलगा.

तर इथं एक गंमत निघाली आहे. लग्नसराई लागली की जिनातली निम्मी माणसं गावाकडं जातात आणि कापूस तसाच पडून राहतो. आमच्या रुपचंदशेठचा मुलगा लखीचंद मुंबईला शिकून आलाय. त्यानं म्हणे शेठला सांगितलं की नुसत्या पगारानं माणूस टिकत नाही, त्याचं नाव कुठंतरी दिसलं पाहिजे. म्हणून फाटकाशी मोठा फळा लावलाय. दिवाळीपासून ज्याचा एकही खाडा नाही त्याचं नाव त्यावर. खाडा झाला की दरवान शालिग्राम ओल्या फडक्यानं नाव पुसतो, आणि आम्ही त्या गड्याला विचारतो की तेराव्याचं जेवण कधी घालतोस. जे शेवटपर्यंत टिकतील त्यांना आखाजीच्या (फळ्यावर ‘अक्षय्य तृतीया’ असं लिहिलंय) आदल्या दिवशी शेठ स्वतःच्या हातानं फेटा बांधणार, फोटो काढणार, आणि नाव पत्र्यावर रंगवून कायमचं लावणार. आधी एक्केचाळीस नावं होती. आता सव्वीस उरली. वरून एकोणिसावं माझं.

हसू नको. आत जाताना मी ते रोज वाचतो. शाळेत मास्तर माझं नाव घ्यायचे ते छडी काढून झाल्यावर. चांगल्यापायी कोणी लिहिलेलं हे पहिलंच.

आबांचा खोकला कसा आहे ते आठवणीनं लिही. मायला आणि दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा निंबा

•

मेहरूण, ता. ६ एप्रिल १९५५

चि. निंबास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. आठ दिवस झाले, मी इथं मेहरूणलाच आहे. सहज आले आहे.

तुझं ते फळ्याचं पत्र आबांनी माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलं त्याला गणती नाही. एकोणिसावं म्हणजे केवढ्या उंचीवर, असं विचारत होते. मी म्हटलं, साधारण छातीएवढं येत असेल. तेव्हापासून येईल त्याला सांगतात की धुळ्याच्या जिनात माझ्या निंबाचं नाव छातीएवढं लिहिलंय. बठ्ठ्या मेहरूणला पाठ झालं आहे. मळ्याच्या मालकालाही सांगून ठेवलंय की आखाजी झाली की चार दिवस धुळ्याला जाणार, फळा बघायला. मी चिडवलं की तुम्हाला अक्षर कुठं येतं, तर म्हणाले की बोट ठेवून कोणीतरी दाखवेलच ना.

आबा बरे आहेत. ऊन आहे म्हणून मळ्यात जात नाहीत, इतकंच. काळजी करू नको. आत्ता माझ्याजवळच आहेत, तुला लिहायला सांगताहेत की खाडा करू नको. तेच परत सांगताहेत. माय म्हणते की तू वेळेवर जेवत जा. बाकी सगळं ठीक. आमची माया तुझ्यापाठी आहे, दूर असलास तरी.

तुझी अक्का पुष्पा

•

धुळे, ता. १८ एप्रिल १९५५

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं होतं. आता फळ्यावर तीनच नावं आहेत. एक सोलापूरकडचा म्हातारा, एक बाई सुनंदाबाई म्हणून, आणि मी. पाच दिवस राहिले. लखीचंदशेठ येता-जाता पाठीवर हात ठेवतात.

ऊन फार आहे. काल रविवार होता, तर दिवसभर झोपून काढला. लिहिण्यासारखं काही नाही. भोंगा होईल, थांबतो. लोभ असू दे.

निंबा

•

मेहरूण, ता. १० मे १९५५

चि. निंबास, अनेक आशीर्वाद.

तू तेराव्याचं उरकून गेलास, त्याला आज आठवडा झाला. घरात होतास तेवढे दिवस तू कोणाशी धड बोलला नाहीस. स्मशानातून आलास तो सरळ गोठ्याशी जाऊन बसलास. मी समजून होते. त्या गुरुवारी तार मिळाल्याबरोबर निघालास, फळा बघितला नाहीस, खाडा बघितला नाहीस, पण येईतो आबांना बाहेर आणून ठेवलेलं होतं. भेट नाही ती नाहीच.

आता जे लिहिते ते तुला लिहायलाच हवं. आबा होळीपासून अंथरुणाला होते. खोकल्यातून रक्त पडायचं. मी मागच्या पत्रात बरे आहेत असं लिहिलं, ते त्यांनीच लिहायला लावलं. त्यांनी मायला शपथ घातली होती की हंगाम पुरा होईपर्यंत निंबाला कळवायचं नाही, पोरगं पहिल्यांदा कुठं टिकलंय. शेवटच्या आठवड्यात मी दाजींना तार करायला पाठवत होते, तर मायनं त्यांना दारातून मागं बोलावलं. म्हणाली, चार दिवस थांबा.

ते चार दिवस आता तिला खाताहेत. भाकरी पुढं ठेवली की ताट सरकवते. म्हणते की बाप-लेकाची शेवटची भेट मी तोडली, निंबा माझ्या हातचं पाणी पिणार नाही. कालपासून तर उठून बसतही नाही. वैद्यांचं म्हणणं की अंगात दुखणं काही नाही, मनानंच घेतलंय.

तू दोन ओळी लिही. लिही की तू रागावलेला नाहीस, मायनं कळवलं नाही यात तिचा दोष नाही. तुझ्या हातचं वाचून दाखवलं तर ती घास घेईल. टपालाची वाट बघते. आता आपल्याला एकमेकांशिवाय कोण आहे?

तुझी अक्का

•

धुळे, ता. १४ मे १९५५

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

दोन ओळी लिहून बघितल्या. फाडल्या.

परत आलो त्या दिवशी लखीचंदशेठनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, नाव पुसलं असणार. तर म्हणाले की मयताला गेल्याचा खाडा धरत नाहीत. आणि सहज बोलून गेले की घरी कोणी आजारी असतं तरी धरला नसता, येऊन सांगायचं होतंस. मग रुपचंदशेठनी सगळ्यांपुढं फेटा बांधला. फोटो काढला. केस नुकते काढलेले, फेटा डोळ्यांवर उतरत होता. मी नको म्हटलं नाही.

अक्का, मला माहीत होतं.

आपल्या मेहरूणचा पुना लॉरीवर आहे, तो सरकी न्यायला जिनात आला होता. बुधवार होता, तेरा तारीख. त्यानं सांगितलं की तुझ्या बापाचं काही खरं नाही, रक्त पडतंय, सारखं तुझं नाव घेतो, जाऊन ये. मी हो म्हटलं आणि कामाला लागलो. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. ठरवलं की रविवारी सुटी असते, जाऊन यायचं म्हणजे खाडाही नाही.

रविवारी मी झोपलो नव्हतो. सकाळच्या मोटारीनं निघालो. एरंडोलला टायर फुटलं. ड्रायव्हर म्हणाला, तीन तास तरी लागतील. मी हिशेब केला की एवढ्या उशिरा जळगावला पोचलो तर परतीची मोटार चुकणार, सोमवारच्या भोंग्याला परतता येत नाही. समोर धुळ्याची मोटार उभी होती, कंडक्टर माणसं बोलावत होता. जळगाव वीस मैल राहिलं होतं, तिथून मेहरूण पायी. मी धुळ्याच्या मोटारीत चढलो.

वाटेत मनाला सांगत आलो की आबांचीच तर इच्छा आहे, खाडा करू नको म्हणून त्यांनीच लिहायला लावलं. पण ते नंतरचं. चढताना डोळ्यांपुढं आबा नव्हते, फळा होता. तीनच नावं होती त्यावर. दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिलं, त्यात आबांचं विचारलंच नाही. विचारलं असतं तर तू काय लिहिशील याची भीती वाटली.

मी रागावलो नाही असं लिहिलं तर माय आज जेवेल, पण जन्मभर तो दोष स्वतःचाच समजेल. तिनं माझ्यापासून काहीच लपवलं नाही. चार दिवस आधी तार आली असती तर आलो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

हे पत्र मायला पूर्ण वाचून दाखव. एरंडोलचं गाळू नको. ती शिव्या देईल, देऊ दे. शिव्या देऊन झाल्या की तिच्यापुढं ताट ठेव, आणि ती जेवेपर्यंत जवळून उठू नको.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. या खेपेला मागत नाही.

निंबा