तिला का थांबवलं?

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात दोन वर्षांची होती. आता ती सोळाची आहे, इथे जपानमध्ये ग्योतोकुजवळच्या शाळेकडून रिले धावते. तिच्या हातात बॅटन देणारी तिची जिवलग मैत्रीण इथेच जन्मलेली. आई जपानी, वडील नायजेरियाचे. उन्हाळ्यात एका संध्याकाळी दोघी नदीकाठच्या सरावावरून सायकलने परत येत असताना पोलिसांनी त्यांना अडवलं. सायकल कुणाची, रेसिडेन्स कार्ड दाखवा. माझ्या लेकीकडे कार्ड होतं, आपण परदेशीच ना. तिला दोन मिनिटांत जा म्हणाले. मैत्रिणीकडे कार्ड असणार कुठून? ती जपानची नागरिक. ती तेच सांगत राहिली आणि तिची बॅग फुटपाथवर रिकामी होत राहिली: स्पाइक्स, ओला टॉवेल, जेवणाचा डबा. पाऊण तास. लेक तिथून हलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तिला सगळे बघत होते. मला कुणीच बघत नव्हतं."

स्पर्धेच्या दिवशी मी स्टँडमध्ये बसले होते. नाव पुकारलं की इथल्या मुली हात वर करतात आणि मैदानाला वाकून नमस्कार करतात. या दोघी एका गुडघ्यावर बसल्या. लेकीच्या दंडावर पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर जपानीत लिहिलं होतं, 'तिला का थांबवलं?' माझ्या मागच्या बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "हे इथे कशाला?" मुली दुसऱ्या आल्या, अंतिम फेरीत पोचल्या, आणि दुपारी शाळेनं संघच मागे घेतला. संघातल्या उरलेल्या दोघी तंबूमागे रडत होत्या. त्यांचं शाळेचं शेवटचं वर्ष, त्यांची ती शेवटची स्पर्धा होती. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळीकडे फिरला. खेळात राजकारण नको. पोलीस त्यांचं कामच करत होते. पटत नसेल तर आपल्या देशात जा, असं लोकांनी त्या मैत्रिणीलाही लिहिलं, जिला दुसरा देशच नाही.

बाबा, मला तेव्हा आपलं पोलीस लाइनीतलं स्वयंपाकघर आठवलं. मी नववीत आहे. जिल्ह्याच्या शर्यतीत मी दुसरी आले आहे, पहिली आली आहे आमच्याच वर्गातली पारध्यांची मुलगी, अनवाणी. तिच्या वडिलांना दोन दिवसांपूर्वी तुमच्या ठाण्यात आणलेलं. बक्षीस द्यायला तुमचेच साहेब होते. तिचं नाव पुकारलं, ती स्टेजकडे पाठ करून उभी राहिली. सर ओरडले, मुलं हसली, ती वळली नाही. मग ते पदक माझ्या गळ्यात घातलं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसून बुटाचे बंद सोडत होतात. मी विचारलं, "बाबा, तिच्या वडिलांनी काय केलं होतं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "केलं नसेल तर करणार होता. जातच तसली." आणि मग, "पोलिसाच्या लेकीनं असलं विचारायचं नसतं." पहाटे पाचला उठून, शिट्टी वाजवून मला पळवणारे तुम्हीच. त्या रविवारी तुम्ही मला सोलापूरहून बूट आणून दिलेत. मी ते आनंदानं घातले. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. तिचे वडील ठाण्यातून सुटले ते लंगडतच, असं आई शेजारच्या काकूंना सांगत होती. मला पाहून गप्प झाली.

लेकीच्या शाळेनं मला बोलावलं. उपमुख्याध्यापक फार नम्र होते. म्हणाले, "विचार चांगला असेलही, पण दोन मुलींची तीन वर्षांची मेहनत वाया गेली." मी उठले आणि कमरेत वाकून माफी मागितली. लेक शेजारी ताठ बसून राहिली. स्टेशनकडे येताना तिनं जपानीत विचारलं, "तू माफी कशाची मागितलीस?" मी मराठीत म्हणाले, "इथे राहायचं आहे आपल्याला." ती म्हणाली, "तिलाही." मैत्रिणीनं संघ सोडला, आठवड्याभरात लेकीनंही. आता संध्याकाळी दोघी सायकली हातात धरून, ढकलत चालत येतात. चालणाऱ्याला कमी अडवतात म्हणे.

हे पत्र कुठे पाठवणार? पाठवता आलं असतं तरी पुढचं खोडलं असतं. व्हिडिओ फिरला त्या सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "आपण पाहुणे आहोत. पोलिसांनी विनाकारण कुणाला थांबवलं नसेल. मुलांना आवरा." ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मी ते वाचलं. त्या मेसेजला पहिला अंगठा माझा होता.