सपनाचे अकरा माफीनामे

मनोर, ३ मार्च २०२५

चि. दीपालीस अनेक आशीर्वाद.

बोईसरच्या शाळेतल्या खास हुशार मुलांच्या वर्गासाठी सपनाची लेखी परीक्षा झाली. आता गुरुजींचा शेरा हवा होता. ती भगवंत गुरुजींना सळो की पळो करते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून मी एक गावठी कोंबडा पोचवला आणि शेरा आणला: शांत, आज्ञाधारक, कधीही प्रश्न विचारत नाही. इतकं गोड खोटं मी निवडणुकीतही ऐकलं नव्हतं. सोबत धाडतो, शाळेत दे.

मला भरभर लिहिता येत नाही, म्हणून पत्र सपनाच लिहिते आहे. (आत्या, कोंबडा माझा होता. मला विचारलं नाही.)

लोभ ठेव, कोंबड्याचं मनावर घेऊ नकोस.

तुझा दादा,
नवशा

बोईसर, १० मार्च

ती. नवशादादास शि. सा. न. वि. वि.

मी कपाळावर हात मारला. लेखीत सपना पहिली, आणि शेऱ्याच्या पन्नास गुणांत भोपळा. त्यांच्या नियमांत हुशारीची लक्षणं लिहिली आहेत: शिक्षकांना प्रश्नांनी भंडावते, सांगितलेलं मुकाट ऐकत नाही, वर्गात कंटाळते. म्हणजे गुरुजी चार वर्षं जे बोंबलत होते तेच. तू कोंबडा देऊन पोरीला नापास करून आणलंस. शनिवारपर्यंत लेखी पुरावा आणला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असं तिथल्या बाई म्हणाल्या. मला रडू आलं आणि तुझा रागही आला.

लोभ आहेच, तो अकलेसकट वाढावा.

दीपाली

मनोर, १३ मार्च

चि. दीपालीस आशीर्वाद.

सपनाच्या प्रश्नांपायी गुरुजींनी चार वर्षांत लिहून घेतलेले, माझ्या सहीचे अकरा माफीनामे त्यांच्या कपाटात निघाले. सगळे धाडतो आहे. कोंबडा मात्र पचला होता. (आत्या, माफीनामे मीच लिहिलेत, बाबांनी नुसती सही केली. सातवा नक्की दाखव.)

जागा मिळेपर्यंत लोभ राहू दे.

नवशा

बोईसर, १७ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बाईंनी सातवा माफीनामा तीनदा वाचला. त्यात माफी एक ओळ आणि गुरुजींचं गणित कुठे चुकलं ते पानभर. पन्नासपैकी पन्नास दिले. जूनमध्ये तिला माझ्याकडे आणून सोड.

आता तरी माझ्यावर लोभ कर.

दीपाली

मनोर, २९ जून

चि. दीपालीस आशीर्वाद.

हे पत्र मीच लिवलं हाय. दोन दिस लागले. गुरुजी रोज सपनाचं विचारतात. वर्गात कोनी काय विचारत नाय, त्यांना करमत नाय. मना पन करमत नाय. घर आता त्या शेऱ्यावानी झालंय, शांत आनि आज्ञाधारक.

रविवारी तिला घेऊन ये. नवा कोंबडा आनलाय. तिला विचारल्याबिगर कोनाला देनार नाय, असं सांग.

लोभ असू दे.

नवशा