गुंजनने पाहिलेला सिनेमा

खापरखेडा,
शुक्रवार

प्रिय पियुष,

तुझे कॉल पाहिले. उचलले नाहीत, कारण फोनवर तू मला हसवतोस आणि मी हसले की बोलायचं ते राहूनच जातं. परवा रविवारी तुझे आईबाबा आपल्या साक्षगंधाची तारीख ठरवायला येणार. किती माणसं, जेवण की नुसता नाश्ता, हेच विचारायचं असेल. सांगते. पण आधी गुंजनची खबर.

ती काल दवाखान्यातून घरी आली. दुखणं ओसरलंय, डोळे अजून पिवळट आहेत. पलंगावर बसून दिवसभर आपण तिघांनी पाहिलेल्या त्याच सिनेमाची गाणी म्हणते. कोरियन तिला कुठे येते, पण सूर पक्का आहे. आई घाबरून मला विचारत होती, "हे कोणती भाषा बोलून राहिली वं? औषधानं तं नाही झालं?" बाबा म्हणाले, "बोलू दे. कण्हण्यापेक्षा बरं आहे."

तुला तो कार्टूनचा सिनेमा किती आठवतो कोण जाणे, तुझं अर्धं लक्ष पॉपकॉर्नमध्ये होतं. स्टेजवर नाचणारी ती गायिका खरं तर साप असते. कोरियातल्या जुन्या गोष्टींत असं आहे म्हणे, की पाण्याखाली हजार वर्षं काढलेला साप आभाळाकडे झेपावतो. तेव्हा बघणारा माणूस त्याला ड्रॅगन म्हणाला तर तो ड्रॅगन होतो, साप म्हणाला तर परत पाण्यात पडतो. ती पोरगी म्हणूनच गात असते. सगळ्यांना इतकं आवडावं, की त्या क्षणी कोणाच्या तोंडून चुकीचा शब्द निघू नये. गुंजन खुर्चीच्या टोकावर बसून बघत होती. तिला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच तिचे पाय दुखायला लागले. बाहेर डांबर वितळवणारं ऊन, अशा दिवशी स्वेटर घेऊन निघायचं कोणाला सुचणार? तिच्यासारख्या सिकलसेलच्या पेशंटांना शिबिरांत मीच सांगत फिरते, पाणी प्या, थंडीपासून जपा. थिएटरमधल्या एसीची थंडी माझ्या भाषणात नव्हती. तू शर्ट काढून तिच्या पायांवर टाकलास आणि बनियनवर बसून राहिलास. मागचे काका खिदळले तेव्हा म्हणालास, "काका, सिनेमा तिकडं चालू आहे." मी त्या अंधारात ठरवलं होतं, लग्न करीन तर याच्याशीच. हे तुला सांगितलं नव्हतं.

ऑटोत ती कळवळत होती, तरी विचारत होती, "जिजू, लोकाइनं सापच म्हटलं असतं तं?" तू म्हणालास, "गुंजाबाई, पिक्चर आहे तो, हिरोईनच जिंकते." ती म्हणाली, "पण लोकाइले काहून विचारायचं?" मग तिला बोलवेना.

वॉर्डातले दिवस तू पाहिलेच आहेस. तू गेल्यावरचं सांगते. ती माझा हात धरून म्हणायची, "ताई, कर ना काही." आईही माझ्याच तोंडाकडे बघायची, "तू बीएस्सी झाली, तुले समजते." घरात पहिली शिकलेली मी. मला एवढंच समजत होतं, की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात म्हणून ती ओरडते आहे. समजून तिचं दुखणं तसूभरही कमी होत नव्हतं. बाबा व्हरांड्यात उभे राहायचे. म्हणाले, "आमच्या वक्ती लग्नाआधी कोण रक्त पाहे? आपण पत्रिका पाहत नाही, याचाच मोठा अभिमान होता आमाले." खरंच, पत्रिका नाकारून आपली माणसं पुढे आली. आईबाबा दोघंही वाहक आहेत, हे गुंजन आजारी पडल्यावर कळलं.

आपण तसं करायचं नाही, म्हणून मी तुला तपासणी करायला लावली. तू वॉर्डात तिच्या पलंगाशीच सांगितलंस, की तूही वाहक आहेस, माझ्यासारखाच. आपल्या दोघांना काही त्रास नाही. पण आपलं मूल चारात एक वेळा गुंजनसारखं निघू शकतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "एवढी काय घाबरून राहिली? आता पोटातच तपासता येते. तसं असलं तं नाही ठेवायचं." तू चुकीचं काही बोलला नाहीस. हेच वाक्य मी शिबिरांत माईकवर बोलले आहे, टाळ्याही मिळाल्या आहेत. ती झोपली आहे असं आपल्याला वाटलं होतं.

तू खाली गेलास आणि तिने डोळे उघडले. रडत नव्हती. साधं विचारावं तसं म्हणाली, "म्हणजे ताई, माझ्यासारखं असलं तं नाही ठेवणार तुमी?" मी म्हटलं, "झोप आता." तेव्हापासून उत्तर शोधते आहे. ठेवू म्हणावं, तर तिचे पाय दाबताना मी काय काय पाहिलंय ते मलाच माहीत. ते आणखी एका लेकराला द्यायचं कसं? नाही म्हणावं, तर ते तिच्या तोंडावर म्हणायचं. पोरं नकोच म्हटलं, तरी का नको ते तिला बरोबर कळेल. पियुष, रविवारी तुम्ही येऊ नका. हा नकार आहे का, ते मला खरंच माहीत नाही. पण पाहुण्यांना पाणी मीच देणार म्हणून तिने हट्ट धरलाय. ती ट्रे घेऊन उभी राहील, तुझी आई कौतुकाने नातवंडांचं काहीतरी बोलेल, आणि गुंजन माझ्याकडे बघेल. आता, हे लिहीत असताना, ती आईकडून केस विंचरून घेते आहे आणि विचारते आहे, जिजू किती वाजता येणार. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझीच,
दीक्षा