मशीनला बांधलेलं घड्याळ

बाबा,

तुमचं पावलं मोजणारं घड्याळ शिलाई मशीनच्या पायडलला बांधलेलं सापडलं. तरीच म्हटलं, दिवसभर शिवत बसलेला माणूस आठ हजार पावलं चालतो कसा! डॉक्टरांना फसवलंत, पण छातीतल्या दुखण्याला कसं फसवणार?

जाऊ दे. आठ हजारांचा नाद सोडा. एक शर्ट शिवून झाला की उठायचं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, एवढंच करा. शर्ट काही पळून जात नाहीत.

तुमचा रिपोर्ट आणायला चाललेय. घरात बसवेना, म्हणून तासभर आधीच निघाले. परत येताना चारला आपल्या बसस्टॉपवर उतरेन. तिथपर्यंत चालत या. सावकाश या, पण या. ते पाकीट मला एकटीला उघडवणार नाही.